रॉटरडॅमला निघालेल्या भाचीला

पोरी, यंदा द्राक्षांच्या डब्याच्या (कंटेनरच्या) मागोमाग तू जाणार हे ठरलं, ते बरंच झालं. मण्याचा आकार, साखर, देठाचा रंग यातलं मी तुला काही शिकवायला नको. मी सांगतो ते माणसांचं. दिंडोरीची द्राक्षं विकता विकता मला हॉलंडात दोन-तीन घरं मिळाली. धंदा मी सोडला, तरी ती घरं सुटली नाहीत. त्यामागचं जेवढं मला कळलं, तेवढं ऐक.

वाईट बातमी आपणच आधी सांगायची. न्हावाशेवाहून निघालेला डबा पूर्वी सुवेझमार्गे तीन-चार आठवड्यांत पोचायचा. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि दिवस वाढले. एवढ्या प्रवासात देठ सुकतो, मणी गळतो, कधी बुरशीही लागते. पॅकहाउसमधून माल भरतानाच तुला एखाद्या प्लॉटची शंका आली असेल, तर जहाज बंदराला लागायच्या आत गिऱ्हाइकाला कळव. डबा उघडेल तेव्हा शीतगृहात त्याच्या शेजारी उभी राहा, पेट्या दोघं मिळून फोडा, फोटोही दोघांनी काढा. मग नुकसानीचा दावा आला, तरी तो कागदावरच मिटतो.

२०१०चा हंगाम तू लहान होतीस तेव्हाचा. क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश द्राक्षांत सापडला आणि युरोपात आपला माल अडला. ओळखीतल्या काहींनी तिकडचे फोन घेणंच बंद केलं. मी माझ्या गिऱ्हाइकाला रोज फोन करायचो. सांगायला चांगलं काही नसायचं. कुठला प्लॉट, कुठली फवारणी, तपासणीत काय निघालं, एवढंच सांगायचो. पुढच्या वर्षी पहिला फोन त्याच गिऱ्हाइकाचा आला.

‘बघतो’, ‘करू काहीतरी’ हे शब्द नाशकातच ठेवून जा. आपल्याकडे समोरच्याला दुखवायचं नाही म्हणून आपण असं बोलतो. तिथं तो होकार धरला जातो आणि तारीख डायरीत पडते. जमणार नसेल तर सरळ ‘नाही’ म्हण. गिऱ्हाईकही तुझ्या तोंडावर म्हणेल, की हे पॅकिंग वाईट आहे. ते मनाला लावून घेऊ नकोस. पॅकिंगला नाव ठेवणारा माणूस तासाभरानं तुला स्वतःच्या गाडीनं हॉटेलवर सोडतो.

वेळ म्हणजे वेळ. दहाची भेट असेल तर दहाला पाच कमी असताना दारात हवीस. दोस्ताच्या घरीही ‘इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं’ चालत नाही. आधी विचारायचं. संध्याकाळचं जेवण सहाच्या सुमारास होतं. त्या वेळेला बोलावणं नसताना गेलीस, तर त्यांची पंचाईत होते. ताटं मोजकी असतात.

जेवणाचं आधीच सांगून ठेव. दुपारी पाव आणि चीज, आणि कितीतरी जण सोबत चक्क ताक पितात. तिथं तुझं भागेल. मात्र बिटरबालन नावाचे गोल तळलेले वडे दिसतात बटाटेवड्यासारखे, आत बहुधा गोमांस असतं. विचारल्याशिवाय उचलू नकोस. पोळीची आठवण आली तर द हेगला जा. १८७३ सालच्या ‘लल्ला रूख’ जहाजापासून सुरू झालेल्या फेऱ्यांतून सुरिनामला उसाच्या मळ्यांवर नेलेल्या बिहार-उत्तर प्रदेशातल्या मजुरांचे कितीतरी वंशज तिथं राहतात. त्यांच्या दुकानात रोटी मिळते, वर घरच्यासारखी विचारपूस होते.

पाण्याबद्दल विचार. हवापाण्याच्या गप्पा पाच मिनिटांत संपतात, पाण्याच्या संपत नाहीत. रॉटरडॅमजवळची जमीन काही ठिकाणी समुद्रसपाटीच्या पावणेसात मीटर खाली आहे. १९५३च्या फेब्रुवारीत एका रात्रीत समुद्र आत घुसला, त्या देशात अठराशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर त्यांनी बांध आणि दरवाजे उभारायला घेतले, त्यातला मास्लांटचा अवाढव्य दरवाजा १९९७मध्ये पुरा झाला. सवड काढून तो बघच. मला त्याहून मोठी वाटली ती त्यांची पाण्याची मंडळं. तेराव्या शतकापासून चालत आलेली, आजही वेगळी निवडणूक होते, वेगळी पट्टी भरावी लागते. एकदा मी तिथल्या गिऱ्हाइकांना आपल्या वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांचं सांगितलं. पाळी कशी ठरते, शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी कसं पोचतं. त्यांचा प्रश्न पाणी बाहेर काढायचा, आपला ते पुरवायचा. तरी त्या दिवशी भावाचं बोलणं राहिलं आणि आम्ही कागदावर चाऱ्या काढत बसलो.

वाढदिवस टिपून ठेव. त्यांच्या बऱ्याच घरांत वाढदिवसांचं एक कॅलेंडर असतं, तेही संडासाच्या भिंतीवर. हसू नकोस. त्यावर वार नसतात, नुसत्या तारखा, म्हणून एकच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. कुणाचा वाढदिवस असेल तर त्याच्या बायकोचं, आईचं, पोरांचंही अभिनंदन करायचं, अशी रीत आहे. एका गिऱ्हाइकाच्या घरी त्या कॅलेंडरवर मला माझं नाव दिसलं. त्यानंतर त्या गिऱ्हाइकाशी मी भावासाठी कमी भांडलो असं नाही. पण भांडण त्याच दिवशी संपायचं.

भेटवस्तू हलकी ने. महागडं दिलंस तर त्यांना अवघडल्यासारखं होतं. आपल्याच बागेचे बेदाणे ने. ते तिथंच फोडून सगळ्यांना वाटतील, तूही हात पुढं कर. हॉटेलात बिल वाटून द्यायची वेळ आली तर आपला वाटा मुकाट्यानं दे. ‘मीच देते’ म्हणून ओढाताण करू नकोस.

विकायला काही नसताना फोन कर. जून-जुलैत, पावसात, नुसती खुशाली विचारायला. आणि त्यांना इकडं बोलाव, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये नको. तेव्हा तुला पाणी प्यायला उसंत नसते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, डोळे फुटताना बोलाव. वेलीवर घड दिसायच्या आधीचे कष्ट ज्यानं बघितले, तो गिऱ्हाईक भाव पाडून मागेल, पण तुझ्या शब्दावर शंका घेणार नाही.