गिऱ्हाईक आधी दोनच ओळी वाचतं

"खातं उघडून तीन महिने झाले, रोज अर्ज टाकतोय, एकाचंही उत्तर नाही. हे फ्रीलान्सिंग वगैरे खरं असतं का हो?" पदवीचे निकाल लागले की पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. बाजार खरा आहे. गिऱ्हाईक आणि फ्रीलान्सर यांची ऑनलाइन गाठ घालून देणारी ईलान्स ही कंपनी 1999 पासून या धंद्यात होती. पुढे ती आणि ओडेस्क एक झाल्या आणि 2015 मध्ये अपवर्क हे नाव आलं. फायव्हर 2010 चं, पाच डॉलरच्या कामांवरून नाव पडलेलं. काम मिळत नाही याचं कारण बहुतेक वेळा मुलाच्या हुशारीत सापडत नाही, प्रोफाइलमध्ये सापडतं.

कॉम्प्युटर शिकलेली मुलं आपला रस्ता शोधतात. खरी घालमेल कॉमर्सच्या घरात असते, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. मुलगी बी.कॉम. झालेली, टॅली येणारी, गावातल्या एका सीएंच्या ऑफिसात सहा महिने नोंदी केलेली. तिचं प्रोफाइल साधारण असं असतं: "मी कष्टाळू, प्रामाणिक आणि लवकर शिकणारी बी.कॉम. पदवीधर आहे. मला टॅली, एक्सेल, वर्ड, डेटा एन्ट्री, टायपिंग, सोशल मीडिया आणि कंटेंट रायटिंग येतं. कृपया एक संधी द्यावी." फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, दर सगळ्यात खालचा.

यात खोटं काही नाही आणि गिऱ्हाइकाच्या उपयोगाचंही काही नाही. पलीकडे बसलेल्या माणसाचे सहा महिन्यांचे हिशेब तुंबलेले असतात. त्याने काम टाकलं की अर्जांचा ढीग पडतो. यादीत त्याला दिसतं ते एवढंच: फोटो, नाव, नावाखालची एक ओळ, दर आणि मजकुराच्या पहिल्या दोन ओळी. तेवढ्यावर तो उघडायचं की पुढे सरकायचं ते ठरवतो. "कष्टाळू, प्रामाणिक" हे त्या ढिगातल्या प्रत्येकाने लिहिलेलं असतं. "एक संधी द्या" हे तर नोकरीच्या अर्जातून आलेलं वाक्य. गिऱ्हाइकाला कोणाला संधी द्यायची नसते, त्याला काम उरकून हवं असतं.

मग लिहायचं काय? आधी हे ठरवायचं की आपण कोणाच्या उपयोगाचे आहोत. टॅली हे मुख्यतः भारतातलं सॉफ्टवेअर. अमेरिकेत क्विकबुक्स चालतं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झीरो. पण आखातात भारतीय व्यापारी मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांची पुस्तकं टॅलीतच असतात. संयुक्त अरब अमिरातीत 1 जानेवारी 2018 पासून 5 टक्के व्हॅट लागू झाला. तोवर वहीत किंवा एक्सेलमध्ये भागवणाऱ्या छोट्या दुकानदारालाही नीट हिशेब ठेवणं भाग पडलं. दुबईचं घड्याळ आपल्या दीडच तास मागे. म्हणजे रात्रभर जागायला नको, आईची कटकट नको.

आता त्याच मुलीची पहिली दोन वाक्यं अशी लिहून पाहा. लिहायची अर्थात इंग्रजीत, आशय असा: "दुबई-शारजातल्या छोट्या व्यापाऱ्यांची टॅलीत मागे पडलेली पुस्तकं मी अद्ययावत करते. बँक स्टेटमेंट आणि बिलं पाठवा. नोंदी, बँक जुळवणी आणि व्हॅट रिटर्नला लागणारी खरेदी-विक्रीची यादी तुमच्या अकाउंटंटने तपासावी अशी तयार करून देते." नावाखालच्या ओळीत "टॅली, बँक जुळवणी, यूएई व्हॅट" एवढे शब्द पुरेत. अकाउंटंट, फ्रीलान्सर, एक्सपर्ट अशा पदव्यांनी ती जागा भरू नये. गिऱ्हाईक शोधताना सॉफ्टवेअरचं आणि कामाचं नाव टाइप करतं. तेच शब्द कौशल्यांच्या यादीत यावेत, तेच मजकुरात. यादीत पंधरा कौशल्यं भरायची सोय आहे म्हणून त्यात कॅनव्हा आणि टायपिंग घालायची गरज नाही. हिशेब सोपवणाऱ्या माणसाला कॅनव्हा वाचून शंकाच येते.

"तुमच्या अकाउंटंटने तपासावी अशी" या शब्दांकडे पालकांनी लक्ष द्यावं. मुलगी रिटर्न भरून देण्याचा दावा करत नाही, कारण तो अधिकार आणि तेवढा अनुभव तिच्याकडे नाही. आपली हद्द स्पष्ट लिहिणाऱ्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. शिवाय उद्या चूक निघाली तर भांडणही होत नाही. व्हॅट शिकायला महागडा क्लास लावायची गरज नाही. तिथल्या फेडरल टॅक्स ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तिका फुकट आहेत, त्या दोन-तीन आठवडे नेटाने वाचाव्यात.

पुढचा अडथळा नमुन्याचा. अनुभव नाही तर दाखवायचं काय, असं मुलं म्हणतात आणि मग सीएंच्या ऑफिसातल्या खऱ्या पार्टीच्या लेजरचा स्क्रीनशॉट नाव पुसून टाकतात. हे कधीही करू नये. दुसऱ्याचे हिशेब चव्हाट्यावर मांडणारी मुलगी उद्या माझेही मांडेल, हे गिऱ्हाइकाला लगेच कळतं, आणि ज्यांनी काम शिकवलं त्यांचाही तो विश्वासघात आहे. त्यापेक्षा एक काल्पनिक दुकान तयार करावं. स्टेशनरीचं म्हणा. टॅलीच्या फुकट शैक्षणिक आवृत्तीत महिन्याच्या 1, 2 आणि 31 याच तारखांना नोंदी करता येतात, पण नमुन्याला तेवढं पुरतं. चाळीसेक व्हाउचर करायची, सोबत एक काल्पनिक बँक स्टेटमेंट बनवायचं आणि त्यात मुद्दाम दोन-तीन घोळ ठेवायचे. एक चेक दिलेला पण वटलेला नाही. बँकेने 26 दिरहम 25 फिल्स कापले आहेत, पुस्तकात त्याची नोंद नाही. आता जुळवणी करून खाली एक ओळ लिहायची: "26.25 पैकी 25 दिरहम बँकेचा आकार, 1.25 त्यावरचा व्हॅट. बँकेचं कर बीजक मिळाल्यास हा व्हॅट वजा मागता येईल का ते तपासावं." अकरावीत रट्टा मारलेलं बँक जुळवणी पत्रक इथे कामाला येतं. ज्याला हिशेब कळतो असं गिऱ्हाईक ही सव्वा दिरहमची ओळ वाचतं आणि थांबतं. दोन पानांची पीडीएफ, वर "सरावासाठी तयार केलेला नमुना" असं स्वच्छ लिहिलेलं. दहा प्रमाणपत्रांपेक्षा ती जास्त बोलते. 

फोटोचं फार मनावर घेऊ नका. उजेडात, साध्या भिंतीसमोर, चेहरा नीट दिसेल असा, बस्स. लग्नातला कापलेला नको.

नावाच्या बाबतीत मात्र मराठी घरांत हटकून घोळ होतो. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पॅनवर मधलं नाव गायब. बँकेत आडनाव आधी. आणि स्पेलिंग तिन्हीकडे निराळं, कुठे एक 'ए' जास्त. प्रोफाइलवर मुलीने लाडाचं नाव टाकलेलं असतं. ओळख पडताळणीच्या वेळी किंवा पहिली कमाई बँकेत काढताना हे सगळं अडतं. खातं उघडण्याआधीच कागद एकसारखे करून घ्या. अपवर्कला वय 18 पूर्ण लागतं. दादाच्या किंवा बाबांच्या नावावर खातं उघडून चालत नाही. "तुझं खातं महिन्याच्या भाड्याने दे" असं सांगणारे लोक व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. भाड्याने दिलेलं खातं बंद होतंच, त्यावरून झालेल्या फसवणुकीचं खापरही खऱ्या मालकाच्या डोक्यावर फुटू शकतं.

दराबद्दल पालक आणि मुलं दोघेही चुकतात, एकाच दिशेने. नवीन आहोत म्हणून सगळ्यात स्वस्त. फायव्हर 20 टक्के कापतं, म्हणजे पाच डॉलरच्या कामाचे चार हाती येतात, आणि रुपये होताना त्यातही थोडे जातात. त्या पैशांत चाळीस व्हाउचर आणि जुळवणी करायची म्हटली तर मुलगी महिनाभरात कंटाळून सोडून देईल. अपवर्कचे कापणीचे नियम आजवर अनेकदा बदलले आहेत, चालू नियम वाचूनच आकडा टाका. ढोबळ कसोटी अशी: गावातल्या सीए ऑफिसात तासाला जे पडतं त्याच्या खाली जायचं नाही. सुरुवातीला काम लहान घ्या, स्वस्त घेऊ नका. सहा महिन्यांच्या तुंबलेल्या पुस्तकांऐवजी "एका महिन्याची बँक जुळवणी, चार दिवसांत, ठरलेल्या रकमेत" असं काम मागावं. ते वेळेत आणि चोख दिलं की पहिला अभिप्राय मिळतो, आणि पुढचं गिऱ्हाईक तोच वाचतं. पैसे देऊन मित्रांकडून अभिप्राय लिहून घेणं पकडलं जातं. फुकटात "ट्रायल" म्हणून अख्खं काम करून देणं हा दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा.

प्रोफाइल कितीही चांगलं असलं तरी नुसतं मांडून बसून गिऱ्हाईक येत नाही, निदान पहिलं तरी. अर्ज करावे लागतात. अपवर्कवर अर्जाला कनेक्ट्स नावाची टोकनं खर्च होतात आणि ती विकत घ्यावी लागतात. म्हणून रोज वीस ठिकाणी एकच मजकूर चिकटवण्यापेक्षा आठवड्यात चार-पाच नेमके अर्ज करावेत. टॅलीच्या जाहिराती क्विकबुक्स आणि झीरोच्या मानाने कमीच दिसतात, त्यामुळे तोच मजकूर लिंक्डइनवरही ठेवावा. आखातातले व्यापारी आणि त्यांची अकाउंटंट मंडळी तिथे सापडतात. अर्जाची सुरुवात स्वतःच्या पदवीने करू नये. एक कामाचा प्रश्न विचारावा: "तुमची व्हॅटची तिमाही कोणत्या महिन्यात संपते?" तिथे बहुतेक छोट्या व्यापाऱ्यांना दर तिमाहीला रिटर्न भरावं लागतं, तिमाही संपल्यावर 28 दिवसांची मुदत असते आणि सगळ्यांची तिमाही एकाच महिन्यात संपत नाही. हे माहीत असलेली मुलगी एका प्रश्नातून कळते.

प्रोफाइलचा मजकूर एआयकडून लिहून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. इंग्रजी तपासायला जरूर वापरा. पण मजकूरच त्याच्याकडून घेतला तर "उत्कटतेने सेवा देणारी" असली गुळगुळीत वाक्यं येतात, तीच बाकीच्या अर्जांतही असतात. मोडकंतोडकं का होईना, सव्वा दिरहमची गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहावी. आणि ज्याचं इंग्रजी मजकुरात झकास आणि व्हिडिओ कॉलवर अडखळणारं, त्याच्यावर गिऱ्हाईक पुन्हा भरवसा ठेवत नाही.

हाच विचार दुसऱ्या विषयाला लावता येतो. मराठी सबटायटल करणाऱ्याने "भाषांतरकार" एवढंच लिहू नये. मिनिटाला किती मजकूर बसवतो, कोणत्या फाइलमध्ये देतो ते लिहावं. चित्रं काढणारीने मुलांच्या पुस्तकांची चित्रं की लोगो, ते ठरवावं. तपशील ज्याने त्याने आपल्या कामातला शोधायचा.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या. ताशी कामात अपवर्कचं अॅप साधारण दर दहा मिनिटांच्या टप्प्यात पडद्याचं एक चित्र टिपतं. तेव्हा मधेच "जरा दळण घेऊन ये" म्हणू नका, तो ऑफिसचा वेळ आहे. दुसरं, उत्पन्न थोडं असलं तरी आयकर विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भरायला लावा. पुढे गृहकर्ज मागायला गेल्यावर बँक तेच मागते. उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तोवर सेवांसाठी जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, तरी परदेशातून पैसे यायला लागले की एकदा सीएंना विचारून घ्या.

सहा महिने नेमके अर्ज करूनही काही हलत नसेल तर विषय बदलावा किंवा नोकरी धरावी, त्यात कमीपणा नाही. पण "रजिस्ट्रेशन फी", "सिक्युरिटी डिपॉझिट", "टायपिंगचं काम देतो, आधी कराराचे पैसे भरा" असं म्हणणारा कोणीही गिऱ्हाईक नसतो. काम अपुरं राहिलं म्हणून वकिलाची नोटीस पाठवून दंड मागण्याचा प्रकारही याच टोळ्यांचा. घाबरून पैसे भरू नका. भरले गेले असतील तर मुलाला रागावण्यात वेळ न घालवता त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा.