काढून ठेवलेली प्रत

उरण

चि. मुक्ता हिस,


करसल्लागारांच्या कार्यालयातला सर्व्हर आता तू सांभाळतेस, हे वहिनीने फोनवर कौतुकाने सांगितलं. मलाही फार बरं वाटलं. पण त्या सर्व्हरवर शेकडो घरांची मिळकत, कर्जं, पॅन-आधार आहेत, म्हणून हे पत्र.

मी नोकरीला होते तिथली एक सोमवारची सकाळ सांगते. टॅली उघडेना. फोल्डर पाहिलं, तर प्रत्येक फाइलच्या नावाला कसलीशी अगम्य अक्षरं चिकटलेली आणि सोबत एक चिठ्ठी: फाइलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. "बॅकअप आहे ना!" म्हणत आम्ही हार्ड डिस्ककडे वळलो. ती वर्षभर त्याच मशीनला जोडलेली. तिच्यातल्या फाइलींनाही तीच अक्षरं. पुढचे अडीच महिने आम्ही व्हाउचरांचे गठ्ठे सोडून एकेक नोंद पुन्हा चढवली.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: कायम जोडून ठेवलेल्या प्रतीच्या भरवशावर राहायचं नाही. अशा खंडणीखोर प्रोग्रामचा, म्हणजे रॅन्समवेअरचा हात जिथवर पोचतो, तिथवर ते कुलूप लावत जातं. तीन प्रती ठेव, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक कार्यालयाबाहेर. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेव. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखाद्या अशिलाचं खातं दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. ऐन वेळी ती उघडली नाही, तर असून नसल्यासारखीच.

मोठ्यांचंही असंच झालं. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला, तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्कसारख्या बलाढ्य जहाज कंपनीचं काम थांबलं, इथे जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही अडलं. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण पैसे भरले तरी फाइली परत मिळायची सोयच त्यात नव्हती. कोणत्या मशीनला आणि कोणत्या माणसाला आत घ्यायचं, हे ठरवणारे मर्स्कचे सर्व्हर जगभर पुसले गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी बंद होता. त्याच्यावरूनच त्यांनी पुन्हा उभारणी केली. त्यांचं जे लाइट गेल्यामुळे वाचलं, ते आपण रोजच्या शिस्तीने वाचवायचं.

अपडेट पुढे ढकलू नकोस. त्याच वर्षी 12 मे रोजी वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दीडशेहून अधिक देशांत थैमान घातलं, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या तपासण्या रद्द झाल्या. विंडोजमधली ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ते दोन महिन्यांत टाकलं नाही, त्यांच्याच दारातून तो आत आला.

रोजचं काम अॅडमिन खात्यातून करू नकोस. घरून सर्व्हरवर येण्याची वाट उघडी ठेवू नकोस, पासवर्डनंतर ओटीपी हवाच. रिटर्नच्या गर्दीत 'नोटीस' किंवा 'थकीत बिल' अशा नावाची मेल आली, तर जोडलेली फाइल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन कर.

एवढं करूनही घडलंच, तर आधी नेटवर्कची केबल काढ, वाय-फाय बंद कर. चिठ्ठीचा फोटो घे, काही पुसू नकोस. साहेबांना लगेच सांग, 1930 वर तक्रार नोंदव. पैसे भरून किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही. आणि चुकून कोणी नको ती फाइल उघडली, तर त्याच्यावर ओरडू नकोस. आमच्याकडे एका पोराने त्या सोमवारआधीच्या शुक्रवारीच तशी फाइल उघडली होती. बोलणी बसतील या भीतीने तो गप्प राहिला आणि त्या दोन दिवसांत सगळं गेलं. तुझ्याकडे येऊन चूक सांगायला कुणाला भीती वाटू नये, एवढी जागा राख.

या शनिवारी कपाटातली डिस्क दुसऱ्या मशीनला लाव आणि एक खातं उघडून पाहा. उघडलं की मला फोन कर. मी वाट पाहते.

तुझी,
आत्या