मदतीआधी कारण शोधणारे: संघर्ष अभ्यासातलं करिअर

सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर प्रांतात २००३ साली यादवी पेटली आणि सुमारे वीस लाख माणसं घरदार सोडून छावण्यांत आली. मदतसंस्थांनी धान्य पुरवलं, पण ते शिजवायला सरपण कुठून आणायचं? बायका पहाटे छावणीबाहेर पडत, कोसन्‌कोस चालत आणि वाटेत शस्त्रधारी टोळ्या त्यांच्यावर अत्याचार करत. मुंबई विद्यापीठात शिकलेले आणि अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत काम करणारे शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ २००५ मध्ये तिथे जाऊन आले. ज्वारी-बाजरीच्या पिठाची घट्ट असीदा हे तिथलं रोजचं जेवण. ती जोर लावून घाटावी लागते, म्हणून चूल डगमगता कामा नये. मोकळ्या माळावर वारा सुटतो, म्हणून जाळ विझता कामा नये. हे सगळं पाहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याची चूल तयार केली. तिचे सपाट सुटे भाग मुंबईत बनत आणि दारफुरच्या एल फाशर शहरात जोडले जात. तीन दगडांच्या चुलीच्या मानाने तिला जवळपास निम्मं लाकूड पुरतं.

चूल कामाची होती. पण लवकरच अशी समजूत पसरली की चूल दिली की अत्याचारही थांबतील. समेर अब्देलनूर आणि अकबर सईद या अभ्यासकांनी २०१४ मध्ये ही समजूत तपासली आणि तिला पुराव्याचा आधार नसल्याचं दाखवून दिलं. बायका लाकूड फक्त स्वतःच्या चुलीसाठी आणत नव्हत्या, ते विकून चार पैसेही मिळवत होत्या. घरची चूल सुधारली तरी त्यांना रानात जावंच लागत होतं.

मग हे हल्ले कोण करतं, का करतं, त्यातून कुणाचं काय साधतं? या प्रश्नांची उत्तरं शोधून ती मदतसंस्थांच्या हाती देणं हे आज पूर्ण वेळचं काम आहे. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. ज्या मुलांना बातम्या पाहून अस्वस्थ व्हायला होतं आणि ‘असं का झालं?’ हा प्रश्न ज्यांच्या मनातून जात नाही, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या काळजीत पडलेल्या आई-वडिलांसाठी हा लेख आहे.

मूळ शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

दारफुरचंच उदाहरण पुढे नेऊ. वरवर पाहणाऱ्याला तिथे ‘अरब विरुद्ध आफ्रिकी’ एवढंच भांडण दिसतं. थोडं वाचलं की ‘दुष्काळामुळे पेटलं’ असं उत्तर मिळतं. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत.

दारफुरच्या सुलतानांनी दिलेल्या जमिनीच्या वतनांना तिथे हाकुरा म्हणतात. शेती करणाऱ्या जमातींकडे अशी वतनं होती, पण उत्तरेतल्या उंटपाळ जमातींपैकी अनेकांकडे स्वतःची म्हणावी अशी जमीन नव्हती. जनावरं चरायला नेण्याच्या वाटा मात्र ठरलेल्या होत्या आणि तंटा झालाच तर जमातींचे प्रमुख बसून तो मिटवत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष नुमेरी यांच्या सरकारने प्रमुखांची ही व्यवस्था मोडीत काढली. पुढे १९८४-८५ चा भीषण दुष्काळ आला. चराईच्या वाटांवर शेतं उभी राहिली. शेजारच्या चाडमधल्या युद्धामुळे बंदुका हाताशी आल्या. आणि २००३ मध्ये राजधानी खार्तुममधल्या सरकारने केलेल्या उपेक्षेविरुद्ध बंड उभं राहिलं, तेव्हा सरकारने भूमिहीन टोळ्यांना शस्त्रं देऊन गावांवर सोडलं. त्यांनाच जंजावीद म्हणतात.

आता बघा, दुष्काळ खरा होता, पण शस्त्रं वाटण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता. सगळं खापर निसर्गावर फोडलं की तो निर्णय झाकला जातो. म्हणून अभ्यासक कारणांचे थर वेगळे करतात. खोलवरची कारणं कोणती, अलीकडे ताण कशाने वाढला, ठिणगी कशाने पडली आणि भांडण चालू राहण्यात कुणाचा फायदा आहे, हे प्रश्न ते एकेक करून सोडवतात.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या हेलन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर रिझेगात या उंटपाळ जमातीचा अभ्यास करून २००९ मध्ये अहवाल दिला. ही जमात हल्लेखोर म्हणून बदनाम झालेली, त्यामुळे मदतसंस्थांचं तिच्याकडे दुर्लक्ष झालेलं. तिच्या चराईच्या वाटा बंद झाल्या होत्या, लिबियाकडचा उंटांचा व्यापार बसला होता. पोटासाठी तिच्यातले अनेक जण लष्करी टोळ्यांत शिरले. काहींनी सरपणाचा धंदा धरला आणि त्यासाठी इतरांना धाकदपटशाने रानातून हुसकावलं. छावणीतल्या बायकांवरच्या संकटाची एक मुळी इथे सापडते. या जमातीची उपजीविका सावरणं आणि तिला समझोत्याच्या बोलण्यांत सामील करून घेणं हासुद्धा त्या बायकांच्या सुरक्षेचाच भाग ठरतो. गुन्ह्याची कारणं समजून घेतली म्हणून गुन्हा माफ होत नाही. पण ती समजल्याशिवाय पुढचा गुन्हा टळत नाही.

या मुळांवर इलाज झाला नाही. जंजावीदमधूनच आरएसएफ ही निमलष्करी फौज उभी राहिली. १५ एप्रिल २०२३ रोजी तिचं आणि सुदानी लष्कराचं युद्ध सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एल फाशर तिच्या ताब्यात गेलं. हे काम किती निकडीचं आहे ते यावरून कळावं.

न समजता केलेली मदत

रवांडात १९९४ मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. जुलैमध्ये काही दिवसांत लाखो निर्वासित शेजारच्या झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमा शहराकडे लोटले. कॉलऱ्याने हजारो माणसं दगावत होती, मदत तातडीने द्यावीच लागणार होती. पण छावण्यांचा ताबा हत्याकांड घडवणाऱ्यांनीच घेतला. धान्यवाटप त्यांच्या हातातून होऊ लागलं आणि त्या बळावर ते पुन्हा संघटित होऊ लागले. अखेर त्याच वर्षी ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेच्या फ्रेंच शाखेने छावण्यांतून बाहेर पडण्याचा कठोर निर्णय घेतला.

अशा अनुभवांतून मेरी अँडरसन यांनी १९९९ मध्ये ‘डू नो हार्म’ हे पुस्तक लिहिलं. मदत कधीच तटस्थ पडून राहत नाही, ती भांडण वाढवते तरी किंवा निवळायला हातभार लावते तरी, हा त्याचा गाभा. म्हणून लोकांना तोडणारं काय आणि जोडणारं काय हे आधी ओळखायचं. पाण्याची टाकी कोणत्या वस्तीत बसवायची, कामावर माणसं कुठल्या जमातीतून घ्यायची, ट्रक कुणाचा भाड्याने घ्यायचा, यादी कुणी करायची, अशा साध्या वाटणाऱ्या निर्णयांमागे हा अभ्यास लागतो.

रोजचं काम कसं असतं?

या पदांना संस्थांमध्ये कॉन्फ्लिक्ट अ‍ॅनालिस्ट, संशोधन अधिकारी, प्रोटेक्शन ऑफिसर अशी नावं असतात. काम साधारण तीन प्रकारचं. पहिलं, माहिती गोळा करणं: मुलाखती, गटचर्चा, घरोघरचं सर्वेक्षण, बाजारभावांच्या नोंदी. दुसरं, ती पडताळणं. एकाच घटनेबद्दल शेतकरी, पशुपालक, व्यापारी, पोलीस आणि छावणीतली आजी काय सांगतात ते शेजारी ठेवून बघायचं. तिसरं, ते निर्णय घेणाऱ्याला उपयोगी पडेल असं लिहिणं. शंभर पानी अहवालाआधी दोन पानी टिपण मागितलं जातं आणि तेही वेळेवर.

त्यात एक शिस्त मोडून चालत नाही. सांगणाऱ्याची संमती घ्यायची आणि त्याचं नाव, गाव, ओळख जिवापाड जपायची. वहीतलं एक नाव चुकीच्या हाती पडलं तर त्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

शिक्षणाची वाट

बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी दार बंद होत नाही. पदवीला राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेतलं तर पाया पक्का होतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्लीत जामिया मिलिया इस्लामियाचं नेल्सन मंडेला केंद्र संघर्षांचं विश्लेषण आणि शांतता उभारणी शिकवतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं स्वतंत्र विद्यालय आहे. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे. सर्वेक्षण आणि लोकसंख्येचे आकडे यांत गती असेल त्यांना देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था उपयोगी पडेल. परदेशात ब्रॅडफर्ड, उप्साला आणि नोत्र दाम ही विद्यापीठं या विषयासाठी नावाजलेली आहेत.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे, पण वाटा आहेत. रोटरीच्या शांतता फेलोशिपमधून पदव्युत्तर शिक्षणाचं शुल्क, राहणं-जेवण आणि प्रवास यांचा खर्च मिळतो. तिला तीन वर्षांच्या पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो. चेवनिंग, कॉमनवेल्थ आणि इरॅस्मस मुंडस या शिष्यवृत्त्याही पाहाव्यात. अटी दरवर्षी संकेतस्थळावर तपासून घ्याव्यात.

पदवीइतकीच महत्त्वाची आहेत कौशल्यं. फ्रेंच किंवा अरबी यांपैकी एक भाषा पदवीच्या काळातच सुरू करा. फ्रेंचसाठी पुण्यातलं रानडे इन्स्टिट्यूट आणि आलियान्स फ्रान्सेझ आहेत, अरबीसाठी मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे. सर्वेक्षणासाठी कोबो टूलबॉक्स, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठी आर ही साधनं घरी बसून विनाशुल्क शिकता येतात.

नोकरी कुठे मिळते?

संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांत जागतिक अन्न कार्यक्रम, निर्वासितांसाठीचं उच्चायुक्तालय आणि मानवतावादी मदतीचा समन्वय करणारं ओचा हे कार्यालय आहे. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती आणि डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स यांनाही अशी माणसं लागतात. संशोधनाच्या बाजूला इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप, ओस्लोची प्रिओ, स्टॉकहोमची सिप्री, उप्साला विद्यापीठाचा संघर्षांच्या नोंदींचा प्रकल्प आणि जगभरच्या हिंसक घटनांची नोंद ठेवणारी एक्लेड या संस्था आहेत.

पहिली नोकरी मात्र बहुधा देशातच मिळते आणि तेच चांगलं. पूर, विस्थापन, पाणीवाटप, वनहक्क अशा विषयांवर काम करणाऱ्या संस्थेत दोन-तीन वर्षं घालवलेल्या उमेदवाराला लोकांत बसून ऐकता येतं. त्याशिवाय परदेशातली पदवी पोकळ ठरते.

पालकांच्या शंका

‘जिवाला धोका आहे का?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले. त्यांतले बहुतेक त्या त्या देशातलेच होते. धोका खरा आहे, पण प्रत्येक पदाला तो सारखा नाही. विश्लेषणाचं बरंच काम जिनिव्हा, नैरोबी, दिल्ली अशा शहरांतल्या कार्यालयांतून चालतं. संघर्षक्षेत्रात पाठवण्याआधी जबाबदार संस्था सुरक्षेचं प्रशिक्षण देते आणि विमा काढते. मुलाखतीत हे स्पष्ट विचारायला मुलांना शिकवा. समाधानकारक उत्तर न देणारी संस्था टाळा.

‘नोकरी टिकेल का?’ गोड बोलून फसवण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने आपली मदतसंस्था यूएसएड बंद केली आणि जगभर हजारो नोकऱ्या गेल्या. करार एक-दोन वर्षांचे असतात, पहिली काही वर्षं पगार बेताचा असतो. म्हणून माझा आग्रह आहे की जोडीला दुसरं एक कौशल्य हवंच: संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, कायदा किंवा पाणीपुरवठ्याचं तंत्र. ते असेल तर या क्षेत्रात मागणी राहते आणि उद्या बाहेर पडावं लागलं तरी हातात विद्या असते.

‘मुलीसाठी हे क्षेत्र आहे का?’ आहे, आणि तिची गरज अधिक आहे. दारफुरच्या बायकांवर काय गुजरलं हे त्या परक्या पुरुषाला सांगत नाहीत. स्त्री संशोधक नसेल तर निम्म्या समाजाचं म्हणणं नोंदीतच येत नाही.

‘इतकं दुःख पाहून मनाचं काय?’ हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. मनावर ओझं येतंच. समुपदेशन, ठरलेली सुट्टी आणि घरच्यांशी मोकळं बोलणं हा या कामाचा भाग मानावा. घरच्यांनी इथे द्यायचा आधार पैशांपेक्षा मोलाचा आहे.

सुरुवात आजच करता येते

कारणं शोधण्याचं एक जुनं उदाहरण आपल्याकडेच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जाची खतं आणि वह्या जाळल्या. सरकारने नेमलेल्या आयोगाने कारणं शोधली, तेव्हा सावकाराच्या व्याजापलीकडे बरंच काही निघालं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता आणि कर्जवसुलीच्या मुदतीच्या कायद्यामुळे खतं पुन्हा पुन्हा नव्याने लिहून द्यावी लागत होती. त्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या आयोगाचा अहवाल ग्रंथालयात मिळवून वाचा. कारणांचे थर कसे उलगडतात आणि सरकारी चौकशीलाही कुठे मर्यादा पडतात, दोन्ही त्यात दिसेल.

मग आपल्या तालुक्यातला एखादा वाद घ्या: कालव्याच्या पाण्याचा, गायरानाचा, पुनर्वसनाचा. दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोला, जुने ठराव आणि सातबारे पाहा, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत ताण वाढतो ते मांडा आणि शेवटी दोन पानांचं टिपण लिहा. ते दोन्ही बाजूंना वाचायला द्या. दोघांनाही ‘आमचं म्हणणं यात बरोबर आलंय’ असं वाटलं, तर या क्षेत्राची सर्वांत अवघड परीक्षा तुम्ही एकदा उत्तीर्ण झालात असं समजा. न वाटलं तर पुन्हा जाऊन बसा आणि आणखी ऐका. आई-बाबांनो, मूल असं टिपण घेऊन आलं तर ते बसून वाचा. त्यात तुम्हाला कळकळ आणि चिकाटी दिसली, तर त्याला या वाटेने जाऊ द्या. अशी माणसं जगाला फार कमी मिळतात.