लिव्हरचं प्रेशर कसं मोजतात?

ब्लड प्रेशर म्हटलं की आपल्याला दंडाला बांधायचा पट्टा आठवतो. पण शरीरात असं एक प्रेशर आहे जे त्या पट्ट्याला कधीच कळत नाही. ते असतं लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या शिरेत. (शुद्ध मराठीत यकृत. पण मी पडले कॉन्व्हेंटवाली, लिव्हरच चालवून घ्या!)

जठर, आतडी आणि प्लीहा यांच्यातलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल व्हेन या शिरेतून लिव्हरमध्ये येतं, तिथल्या बारीक वाहिन्यांच्या जाळीतून झिरपतं आणि मग हिपॅटिक व्हेनमधून पुढे जातं. सिरॉसिसमध्ये लिव्हरभर कठीण व्रण होतात आणि ही जाळी आवळली जाते. पुढे काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की गटाराचं पाणी समुद्रात जात नाही, मिळेल त्या वाटेने वर येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. तुंबलेलं रक्तही असंच आडवाटेला लागतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या नाजूक शिरा फुगतात. त्यातली एखादी फुटली की रक्ताची उलटी, आणि ती जिवावर बेतू शकते.

मग हे प्रेशर मोजायचं कसं? पोर्टल व्हेन पोटात खोल. तिच्यात थेट सुई घालायची तर रक्तस्रावाची भीती, त्यात अशा पेशंटचं रक्त अनेकदा नीट गोठत नाही. १९५१ मध्ये मायर्स आणि टेलर या अमेरिकन डॉक्टरांनी उलट्या बाजूने जायची युक्ती वापरली. आज साधारण असं करतात: मानेची जागा बधिर करून तिथल्या शिरेतून एक बारीक नळी घालतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली हिपॅटिक व्हेनमध्ये नेतात. एक रीडिंग तिथे मोकळ्या प्रवाहात घेतात. मग नळीच्या टोकाचा फुगा फुगवून शीर बंद करतात आणि दुसरं रीडिंग घेतात.

खरी गंमत इथे आहे. फुग्यामागचं रक्त थांबलं की प्रवाहामुळे होणारा प्रेशर ड्रॉप उरत नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच प्रकरणातली गोष्ट! उभं राहिलेलं रक्त म्हणजे मागच्या जाळीपर्यंत पोचलेला मॅनोमीटरच. सिरॉसिसमध्ये हे रीडिंग पोर्टल व्हेनच्या प्रेशरच्या अगदी जवळ येतं. मग त्यातून पहिलं रीडिंग वजा करायचं. वजाबाकी का? पोटात पाणी झालं असेल तर दोन्ही रीडिंग सारखीच वाढतात. झीरो लेव्हल एक सेंटिमीटर चुकली तर दोन्हीत सुमारे पाऊण मिलिमीटर मर्क्युरीचा फरक पडतो. वजाबाकीत हे सगळं कटतं. आम्ही लॅबमध्ये झीरो एरर काढायला अर्धा तास घालवतो, इथे ती आपोआप जाते.

हा फरक १ ते ५ मिलिमीटर मर्क्युरी असेल तर नॉर्मल. १० झाला की फुगलेल्या शिरा, पोटात पाणी यांचा धोका सुरू होतो. १२ च्या पुढे शीर फुटू शकते. १२ मिलिमीटर मर्क्युरी म्हणजे पाण्याचा जेमतेम १६ सेंटिमीटरचा स्तंभ, कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा थोडा जास्त. एवढ्यावर माणसाचा जीव!

हे सगळं मी वाचायला लागले ते मामामुळे. आम्ही मढचे. मामाला एका रात्री रक्ताची उलटी झाली, रिक्षात घालून मार्वे रोडने मालाडला नेला. एन्डोस्कोपीत फुगलेल्या शिरा दिसल्या, त्या रबर बँड लावून बांधल्या. मामाने उभ्या आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पण होडीवरचा माणूस आणि लिव्हरचा आजार म्हटल्यावर गावाने निकाल देऊन टाकला: गुपचूप पीत असणार. मामी जेट्टीवर जायची बंद झाली.

मग ही टेस्ट झाली. मोकळं रीडिंग ८, फुगा फुगवल्यावर १२. फरक फक्त ४!

शिरा फुटल्या आणि प्रेशर नॉर्मल, हे कसं? पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. गेज लावलाय जाळीशी, आणि चोक-अप आहे जाळीच्याही अलीकडे, पोर्टल व्हेनच्या बाजूला. अलीकडचा पाइप फुगेल, गेजला पत्ता नाही. म्हणजे मामाच्या केसमध्ये गेज खोटं बोलत नव्हता, अडथळा कुठे नाही ते सांगत होता. अर्थात एवढ्यावर निदान होत नाही. सोनोग्राफीच्या डॉपलरने पोर्टल व्हेनमध्ये गुठळी नाही ना ते पाहिलं, आणि त्याच नळीच्या वाटेने लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासला. सिरॉसिस नव्हता. निघालं नॉन-सिऱ्हॉटिक पोर्टल फायब्रोसिस. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने हे नाव १९६९ मध्येच ठरवलंय, म्हणजे आपल्या देशाला हा आजार जुनाच. त्याचा दारूशी संबंध नाही.

हल्ली फायब्रोस्कॅनने बाहेरूनच लिव्हरचा कडकपणा मोजतात, आणि पुष्कळ पेशंटना नळीची गरजच पडत नाही. पण तो मोजतो कडकपणा, प्रेशर नव्हे. मामासारख्या केसमध्ये लिव्हर फारसं कडक नसतंच, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

मामा आता प्रेशर कमी ठेवायच्या गोळ्या घेतो आणि ठरलेल्या तारखांना एन्डोस्कोपीला जातो. बायॉप्सीचा रिपोर्ट मामीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलाय. कोणी विषय काढला की ती तो बाहेर काढते, आणि वाचून दाखवायला मला फोन लावते.