विकासाचे मोजमाप

गावात रस्ता झाला किंवा बंधारा बांधला गेला, की तेथे एक फलक उभा राहतो व त्यावर खर्चाचा आकडा ठळक अक्षरांत झळकतो. परंतु खर्च म्हणजे विकास नव्हे. बी किती पेरले यावरून पीक ठरत नाही. ते खळ्यावर मोजावे लागते. मग गावाच्या विकासाचे खळे कोणते?

आपल्या राज्यात असे मोजमाप प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केले. 1983 साली नेमलेल्या या समितीने 1984 साली अहवाल दिला. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य इत्यादी नऊ विषयांत तिने प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिला. जो जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये भरला. या मापाने मागासलेपण डोळ्यांपुढे आणले, हे खरे. तथापि जिल्ह्याच्या सरासरीत तालुका झाकला जातो. आणि दवाखाने मोजले, तरी रोगी बरे झाले की नाही, हे कळत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने निराळी वाट धरली. तेथे पाऊस अल्प. श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, झाडे राखली, आणि दरवर्षी पाणी मोजूनच पिके ठरवण्याचा परिपाठ घातला. 1995 साली तेथे 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. 1998 साली 53 राहिली, व पुढे दहा वर्षांत केवळ तीन. आरंभीची संख्या लिहून ठेवली होती, म्हणूनच ही प्रगती सिद्ध करता आली.

आता आपल्या कंधारकडे वळू. राष्ट्रीय रोजगार हमी कायदा 2006 च्या फेब्रुवारीत प्रथम ज्या 200 जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत नांदेड होता. अशा कामावर किती दिवस मजुरी मिळाली, ही नोंद अवश्य हवी. पण बंधाऱ्याखालच्या विहिरीत चैत्रापर्यंत पाणी टिकले काय, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. दिवाळीनंतर आपल्या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस वा शहरात मजुरीस जातात, आणि त्यांच्या मुलांच्या जागा वर्गात रिकाम्या पडतात. त्या जागा भरू लागल्या, तर विकास झाला असे खुशाल समजावे.

मोजणाऱ्याने चार नियम पाळावेत. काम आरंभण्यापूर्वीची स्थिती लिहून ठेवावी. शेजारच्या, काम न झालेल्या गावाशी तुलना करावी. नाहीतर चांगल्या पावसाचे श्रेय बंधाऱ्यास जाईल. सरासरीवर न थांबता भूमिहीन व विधवा यांच्या घरी काय पालटले, हे विचारावे. आणि पाच वर्षांनी पुन्हा मोजावे. राष्ट्रकूटांच्या काळातील जगत्तुंग तलाव आपल्या गावाजवळ आजही आहे. टिकाऊपणाचा याहून मोठा दाखला कोणता?

विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील एका विहिरीची पातळी दरमहा वहीत टिपावी. पालकांनी ग्रामसभेत, किती खर्चले, या प्रश्नासोबत, कोणाचे काय पालटले, हेही विचारावे. असा प्रश्न विचारला जातो हे कळले, म्हणजे काम करणाराही अधिक जपून काम करतो.