जास्त घेतलेला कर कुणाचा?

प्रश्न : आमचं कराडला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, हिशेब मी बघते. २२ सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या बिलिंगमध्ये मात्र जुनाच दर राहिला आणि दिवाळी होईपर्यंत बिलं १२ टक्क्यांनीच निघाली. रिटर्नही तशीच भरली गेली. आता एक हॉटेलवाले फरक परत मागताहेत. सासरे म्हणतात, ‘माल आपण १२ टक्क्यांनी घेतला होता आणि घेतलेला कर सरकारात भरला. आपण पदरचे का द्यायचे?’ ती जुनी बिलं ५ टक्क्यांची करून टाकू का?

उत्तर : जुन्या बिलांना हात लावू नका. तुमच्या टॅलीत बिल बदलेल, पण जीएसटीआर-१ मध्ये गेलेला आकडा तिथेच राहील आणि गिऱ्हाईकाच्या हातातलं बिलही तेच राहील. चूक त्या महिन्याची जीएसटीआर-३बी भरण्याआधी लक्षात आली असती, तर जीएसटीआर-१ए भरून काम भागलं असतं. आता रस्ता एकच, क्रेडिट नोट. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ३४ नेमकं यासाठीच आहे : बिलात कर जास्त लागला असेल तर विक्रेत्याने क्रेडिट नोट द्यावी आणि आपली कराची देणी तेवढी कमी करावीत.

सासऱ्यांचा पहिला मुद्दा टिकत नाही. माल कुठल्या दराने घेतला याचा विक्रीच्या दराशी संबंध नाही. खरेदीवर भरलेल्या १२ टक्क्यांचं क्रेडिट तुमच्या खात्यात पूर्ण जमा आहे, ते विक्रीवरचा ५ टक्के कर भरायला वापरता येतं. दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. पैसे तुमच्याकडे नाहीत, सरकारकडे आहेत. पण ते तिथून परत मिळायचे तर आधी गिऱ्हाईकाला द्यावे लागतात. कराचा भार गिऱ्हाईकावर पडलेला असताना स्वतःची देणी कमी करून घ्यायला कलम ३४ मनाई करतं.

हा वाद जीएसटीपेक्षा बराच जुना आहे. मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ मध्ये जास्तीचा वसूल केलेला कर सरकारजमा करण्याची तरतूद होती. गुजरातेतही तेव्हा तोच कायदा लागू होता. अहमदाबादच्या अजित मिल्सच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद उचलून धरली. आजचं कलम ७६ही त्याच वळणाचं आहे : कर म्हणून घेतलेली रक्कम, मग ती लागू असो वा नसो, सरकारात भरावीच लागते. व्यापाऱ्याच्या गल्ल्यात ती राहू शकत नाही.

हॉटेलवाल्यांचंच बिल घेऊ. समजा पातेली आणि ताटं मिळून १०,००० रुपयांचा माल गेला. तुम्ही कर १,२०० लावला, हवा होता ५००. फरक ७००. क्रेडिट नोटेवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख घाला. एकाच गिऱ्हाईकाची अनेक बिलं असतील तर सगळ्यांची मिळून एक नोट चालते. एंट्री अशी : आउटपुट सीजीएसटी नावे ३५०, आउटपुट एसजीएसटी नावे ३५०, गिऱ्हाईकाच्या खात्याला जमा ७००. विक्रीच्या खात्याला धक्का लावायचा नाही. इथेच बरेच जण फसतात. सवयीने ‘विक्री परत’ म्हणून आयटमसकट एंट्री मारतात आणि मग विकलेली पातेली स्टॉकमध्ये परत येऊन बसतात. मार्चअखेरीला गोदामात मोजणी केली की कागदावर माल आहे, फळीवर नाही! ७०० रुपये ‘सूट’ खात्याला टाकणंही चूकच. तसं केलं तर कर आहे तिथेच राहतो आणि तुमचा नफा विनाकारण घटतो. पैसे रोख देण्यापेक्षा बँकेतून किंवा यूपीआयने द्या, नाहीतर पुढच्या बिलात वळते करा. उद्या कुणी विचारलं तर पुरावा हाताशी राहतो.

साध्या हॉटेलला जेवणावरच्या ५ टक्क्यांच्या दरात खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हे ७०० थेट त्यांच्या खिशातून गेले. म्हणून ते मागायला आले. तुमच्याकडून माल घेणारे नोंदणीकृत दुकानदार आलेच नसतील, कारण त्यांनी बहुधा १,२०० चं पूर्ण क्रेडिट घेऊन टाकलंय. त्यांनाही नोट पाठवता येते, पण मग त्यांनी ७०० चं क्रेडिट उलटवलं पाहिजे. ते उलटल्याशिवाय तुमची देणी कमी होत नाहीत. तेव्हा आधी फोन करा, नोट पोर्टलवर नंतर चढवा.

काउंटरच्या विक्रीत जरा पेच आहे. ५०० रुपयांचा डबा ‘करासहित’ विकला तेव्हा बिलावर किंमत ४४६.४३ आणि कर ५३.५७ असा छापला गेला. काही सल्लागार सांगतील, ५०० तेच ठेवा, फक्त आतली फोड बदला, म्हणजे कर २३.८१ होईल आणि २९.७६ सुटतील. मला हे पटत नाही. गिऱ्हाईकाने ५३.५७ कर म्हणून दिलेत आणि तसं तुमच्याच बिलावर छापलंय. ४४६.४३ वर ५ टक्के धरले तर ४६८.७५ होतात, म्हणजे त्याचे ३१.२५ परत द्यायचे. लग्नाची भांडी नेणाऱ्यांची नावं आणि फोन तुमच्याकडे असतील, त्यांना कळवा. दुकानात एक पाटी लावा. जो बिल घेऊन येईल त्याला नोट द्या आणि जीएसटीआर-१ च्या ७ व्या तक्त्यात विक्रीतून ती रक्कम वजा दाखवा. जे येणारच नाहीत त्यांचा कर आहे तिथेच, सरकारात, राहू द्या. त्यांच्या नावाने नोटा फाडायच्या नाहीत.

मुदत : २०२५-२६ मधल्या बिलांच्या क्रेडिट नोटा ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच्या रिटर्नमध्ये आल्या पाहिजेत. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते. त्यानंतर उरतो कलम ५४ खालचा परताव्याचा अर्ज, दोन वर्षांच्या आत. तिथेही भार दुसऱ्यावर टाकला नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. ७०० रुपयांसाठी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

आणि बिलिंगमधले सगळे आयटम मास्टर एकदा नीट बघून घ्या. तांब्या-पितळेच्या आणि ॲल्युमिनियमच्या घरगुती भांड्यांचा दरही त्याच दिवशी १२ चा ५ झाला होता.