गाडीचं इंजिन पाचव्यांदा बसलं, तेव्हा चूक नेमकी कुणाची होती?

मागच्या व्हिडिओत आपण 'यंत्र बंद, तर धंदा बंद' हा विषय घेतला होता. त्यात मी माझ्या जुन्या व्हॅनचा किस्सा दोन मिनिटांत उरकला. आज तोच किस्सा पूर्ण हिशोबासकट सांगतो. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुम्हाला तुमच्याच एका यंत्राचा हिशोब मांडायचा आहे.

गाडी एक, कामं दोन

तेव्हा आम्ही वाईत फरसाण-चिवड्याचा छोटा धंदा करायचो. माल पाचगणी-महाबळेश्वरच्या दुकानांना आणि हॉटेलांना द्यायचो. त्यासाठी १ लाख ४० हजारांना एक जुनी आठ सीटची व्हॅन घेतली. सोमवार ते शनिवार मागच्या सीटा दुमडून त्यात क्रेट भरायचे. रविवारी त्याच गाडीतून आई-बाबा, मुलं आणि आम्ही दोघं देवदर्शनाला नाहीतर पाहुण्यांकडे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच असेल. घरची गाडी तीच धंद्याची गाडी. त्यामुळे ती बंद पडली की माल अडकतो आणि घरातला मूडही जातो.

वाईतून पाचगणीला जायचं म्हणजे पसरणी घाट चढायचाच. भरलेली गाडी, खालचा गिअर, उन्हाळा. इंजिनाची खरी परीक्षा तिथे होते.

पुढच्या १४ महिन्यांत काय झालं ते बघा:

१. घाटात गाडी गरम झाली, वाफ आली. गॅरेजमध्ये रेडिएटर धुतला, पाणी भरलं. १,८०० रुपये.
२. दोन महिन्यांनी हेड गॅस्केट उडाली. हेड लेथवर फेसिंग करून आणलं, नवी गॅस्केट, ऑइल. ९,५०० रुपये.
३. पुन्हा गरम. "फॅनची मोटर कमजोर आहे" म्हणून ती बदलली. ३,५०० रुपये.
४. पुन्हा गॅस्केट. ८,२०० रुपये.
५. ऐन दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना इंजिन सीझ. हाफ इंजिन कामाचा अंदाज २८,००० रुपये.

चौथ्या वेळी तर आई-बाबा गाडीत होते. घाटात, उन्हात, दीड तास. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर ते एसटीनेच जायला लागले.

पाचव्या वेळी मी गॅरेजमध्ये जाऊन चांगलाच भांडलो. "दर वेळी पैसे घेता आणि गाडी तीच!" मिस्त्री शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्ही दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागितलीत. जे फुटलं ते बदलून दिलं. का फुटलं, ते बघायला वेळ कधी दिलात?"

मला राग आला. घरी येऊन बायकोला सांगितलं. धंद्याचा हिशोब तीच लिहायची. तिने वही उघडून समोर ठेवली आणि म्हणाली, "अहो, तो चुकीचं काय बोलला? ही पाचही बिलं वेगवेगळ्या पार्टची आहेत. पण सुरुवात पाचही वेळा एकच आहे, गाडी गरम झाली. या वेळी आधी कारण शोधा, मग पैसे द्या."

आजचा धडा खरं तर तिचाच आहे: जो पार्ट फुटतो, तोच दर वेळी दोषी नसतो.

पाच वेळा 'का' विचारा

टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे अभियंते ताइची ओहनो यांनी १९७८ साली आलेल्या आपल्या पुस्तकात एक साधं उदाहरण दिलंय. कारखान्यात एक मशीन बंद पडलं. का? लोड जास्त आला आणि फ्यूज उडाला. लोड जास्त का आला? बेअरिंगला पुरेसं वंगण मिळत नव्हतं. का मिळत नव्हतं? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, त्यामुळे धातूचा कचरा आत जात होता.

आता विचार करा. पहिल्या 'का'वर थांबलो असतो, तर नवा फ्यूज लावून मोकळे झालो असतो. मशीन सुरू झालं असतं आणि काही दिवसांनी पुन्हा बंद पडलं असतं. मी १४ महिने 'फ्यूज'च बदलत होतो.

आम्ही गाडी टोचन करून दुसऱ्या एका कसलेल्या मेकॅनिककडे नेली. या वेळी घाई नाही, असं आधीच सांगितलं. त्याने काय शोधलं ते आमच्या पाच 'का'मध्ये मांडतो:

- इंजिन सीझ का झालं? प्रमाणाबाहेर तापलं, ऑइल पातळ झालं, पिस्टन अडकले.
- का तापलं? आत पाणी कमी होतं, आणि जे होतं ते रेडिएटरमधून नीट फिरत नव्हतं.
- का? रेडिएटरच्या कॅपचं स्प्रिंग सैल झालं होतं, त्यामुळे दाब टिकत नव्हता आणि पाणी बाहेर फेकलं जात होतं. शिवाय रेडिएटरच्या नळ्या क्षाराने निम्म्या बुजलेल्या होत्या.
- क्षार कुठून आले? कूलंट महाग वाटतं म्हणून मी वर्षभर बोअरचं पाणी भरत होतो.
- आणि हे वेळेत कळलं का नाही? कारण डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा कधीच बंद पडला होता. मला माहीत होतं. "चालतंय की" म्हणून सोडून दिलं होतं.

शेवटची दोन उत्तरं बघा. दोन्ही माझ्यापाशी येऊन थांबतात. मिस्त्रीने तपासणी करायला हवी होती, ती त्याची चूक. पण बोअरचं पाणी, बंद काटा आणि 'उद्या सकाळी गाडी पाहिजे' ही माझी चूक. त्या दिवशी मी पहिल्या गॅरेजमध्ये परत गेलो आणि मिस्त्रीची माफी मागितली.

थोडं इंजिनाबद्दल

पाणी १०० अंशाला उकळतं. कूलंट मिसळलं की तो अंक थोडा वर जातो, आणि कॅपने आतला दाब धरून ठेवला की आणखी बराच वर जातो. म्हणून दोन-तीनशे रुपयांची कॅप सैल झाली, तर घाटात आतलं पाणी लवकर उकळतं. इंजिन तापलं की हेड वाकतं. हेड वाकलं की गॅस्केट जाते. तुम्ही गॅस्केट बदलता, आणि कॅप तीच राहते.

आता कामाच्या गोष्टी. गाडी वारंवार गरम होत असेल, तर कुठलाही पार्ट बदलण्याआधी मेकॅनिकला हे करायला सांगा:

- प्रेशर टेस्ट. हातपंपाने कूलिंग सिस्टिममध्ये दाब भरतात. काटा खाली आला, तर कुठेतरी गळती आहे. कॅपची टेस्ट वेगळी करून घ्या.
- ब्लॉक टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन असलेली नळी धरतात. ते पिवळं पडलं, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय, म्हणजे गॅस्केट किंवा हेडचा प्रश्न आहे.
- कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन चालू स्थितीत असेल, तर कुठला सिलिंडर कमजोर आहे ते कळतं.
- थर्मोस्टॅट आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांतून तो 'गरम होतेय' म्हणून काढून टाकलेला असतो. तो रोगाचा इलाज नव्हे.
- ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी मिसळतंय. गाडी पुढे चालवू नका.

आणि रस्त्यात गाडी तापली, तर बाजूला घेऊन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना कॅप उघडू नका, तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो. मी पहिल्याच वेळी घाटात बाटलीभर थंड पाणी ओतलं होतं. दुसरं बिल कदाचित तिथेच सुरू झालं.

बिघाडाचा खरा खर्च

बहुतेक जण फक्त गॅरेजचं बिल धरतात. आमच्या वहीतला पूर्ण हिशोब असा होता:

- पाच बिलं: ५१,००० रुपये
- तीन वेळा टोचन, प्रत्येकी २,०००: ६,००० रुपये
- १७ दिवस भाड्याचा टेम्पो, रोज १,५००: २५,५०० रुपये
- एक हॉटेल तुटलं. महिन्याला १८,००० चा माल, त्यात २० टक्के नफा म्हणजे ३,६००. आठ महिन्यांचे: २८,८०० रुपये

एकूण १ लाख ११ हजार ३०० रुपये. गाडी घेतली होती १ लाख ४० हजारांना! आणि इंजिनाचं बिल त्यात निम्म्याहूनही कमी.

दुरुस्त करायची की विकायची?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. "आधीच एवढे घातलेत, आता थोडे आणखी घालू" असं मनात येतं. आधी घातलेले २३ हजार गेले. गाडी ठेवा नाहीतर विका, ते परत येणार नाहीत. त्यांना या हिशोबात घेऊ नका. फक्त इथून पुढचं बघा.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली, २८,००० चं इंजिन काम, अधिक रेडिएटर, कॅप, थर्मोस्टॅट आणि काटा मिळून ७,०००. एकूण ३५,०००. मेकॅनिकच्या मते गाडी अजून दोन वर्षं आरामात चालणार होती. म्हणजे महिन्याला साधारण १,५०० रुपये.

दुसरी, गाडी आहे तशी ४५,००० ला विकून २ लाख २० हजारांची दुसरी जुनी घ्यायची. वरच्या १ लाख ७५ हजारांचं कर्ज, १४ टक्क्यांनी तीन वर्षं. हप्ता जवळपास ६,०००.

आम्ही दुरुस्ती निवडली. पण नीट लक्षात घ्या, कारण सापडलं होतं म्हणूनच हे गणित बसलं. कारण माहीत नसतं, तर सहावं आणि सातवं बिल धरावं लागलं असतं आणि उत्तर उलटं आलं असतं. म्हणून आधी निदान, मग निर्णय.

चार सवयी आजपासून

१. गाडीची वही. तारीख, किलोमीटर, तक्रार, काय बदललं, किती पैसे. पाच ओळी पुरतात. लक्षणं एका खाली एक लिहिली की डोळे आपोआप उघडतात.

२. लेखी बिल आणि जुना पार्ट. पक्कं बिल घ्या, कामाची गॅरंटी त्यावर लिहून घ्या, काढलेला पार्ट परत मागा. पैसे घेऊन काम निकृष्ट झालं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती 'सेवेतील त्रुटी' ठरू शकते. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्याच्या बाहेर जात नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण हातात बिलच नसेल, तर बाजू मांडणार कशी?

३. दुरुस्तीचा गल्ला. दर किलोमीटरला २ रुपये वेगळ्या खात्यात टाका. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरलात, तर ३,०००, वर्षाला ३६,०००. नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो, त्यामुळे हा गल्ला तुम्हालाच भरायचाय. घरची गाडी धंद्याला वापरत असाल, तर विमा कंपनीला ते आधीच सांगून ठेवा.

४. पर्यायी गाडी ठरवून ठेवा. भाड्याच्या टेम्पोवाल्याशी आधीच बोलून दर ठरवा. पर्याय हाताशी असला की मिस्त्रीच्या मागे 'लवकर कर' म्हणून लागावं लागत नाही. आमच्या घाईचं मूळ तिथेच होतं.

तुमचा गृहपाठ

तुमच्याकडे व्हॅन नसेल. पीठगिरणी असेल, डीप फ्रीजर असेल, शिलाई मशीन असेल. गेल्या वर्षात जे यंत्र तीनदा बंद पडलं, ते घ्या. तीनही बिलं समोर ठेवा आणि पाच वेळा 'का' लिहा. शेवटचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या नावावर येत असेल, तर आणखी एकदा 'का' विचारून बघा.

आमची व्हॅन त्यानंतर अडीच वर्षं चालली. विकताना घेणाऱ्याला वही दाखवली, जुने बिघाडही सांगितले. त्याने भाव फारसा पाडला नाही. बाबा पुन्हा गाडीत बसायला लागले, पण घाट सुरू झाला की त्यांची नजर काट्यावरच असायची. हॉटेलवाला मात्र परत आला नाही. दिवाळीच्या आठवड्यात माल पोचला नाही, हे तो विसरला नाही आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

तुमच्या यंत्राचे पाच 'का' कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन आपण एकत्र सोडवू. भेटूया!